धारच्या दारातील चांदी : मध्ययुगीन किमयागार आणि अमरत्वाचा शोध

खोर फक्कान : ओमानच्या आखाताकडे तोंड करून वसलेल्या शारजा अमिरातीतील या बंदराच्या नावाचा अर्थ ‘दोन जबड्यांची खाडी’ असा सांगितला जातो. पाठीशी हजर पर्वताचे उघडे कडे आणि समोर खोल पाणी आहे. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी न लागता येथून गलबते थेट अरबी समुद्रात उतरत. १५०७ मध्ये आफोन्सो द अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने या बंदरावर हल्ला केला, तो याच मोक्याच्या जागेमुळे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्याचा आणि कोकणाचा संबंध मोसमी वाऱ्यांनी जोडलेला होता. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी चौल बंदरात आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली. त्यांत सिराफ, बसरा आणि बगदादप्रमाणेच ओमानहून आलेले लोकही होते.

या समुद्रातून मालाबरोबर शब्दही आले. मराठी माणूस सहज उच्चारतो तो ‘किमया’ हा शब्द अरबी ‘अल्-कीमिया’ या विद्येच्या नावापासून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘अक्सीर इलाज’ यातील ‘अक्सीर’ म्हणजे मुळात हलक्या धातूचे सोने करणारे आणि रोग्याला बरे करणारे द्रव्य. युरोपीय भाषांतील ‘एलिक्झिर’ हे त्याचेच दुसरे रूप. ऊर्ध्वपातनाने काढलेला ‘अर्क’ आणि भांड्याला लावायची ‘कल्हई’ हे शब्दही त्याच कुळातले. अमरत्वाच्या शोधाची एक अख्खी परिभाषा मराठी घरात स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आहे. ज्या दंतकथांनी हा शोध लोकांच्या मनात रुजवला, त्या मात्र आज विस्मरणात गेल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत बोलक्या कथा एका अरबी ग्रंथात जपलेल्या आहेत आणि त्या माळव्यातील उज्जैन आणि धार या शहरांच्या आहेत.

नागार्जुन : एक नाव, अनेक माणसे

भारतीय किमयेचा आदिपुरुष म्हणून नागार्जुनाचे नाव घेतले जाते. परंतु या नावाखाली किमान दोन व्यक्ती दडलेल्या आहेत. पहिला, शून्यवादाची मांडणी करणारा बौद्ध तत्त्वज्ञ. त्याचा काळ साधारणपणे इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक मानला जातो. दुसरा, रसविद्येचा आचार्य, जो त्याच्यानंतर कित्येक शतकांनी होऊन गेला. लोकपरंपरेने या दोघांना एकच मानले आणि मधला काळ भरून काढण्यासाठी नागार्जुनाला शेकडो वर्षांचे आयुष्य बहाल केले. विदर्भात रामटेकजवळील मनसरच्या परिसराशीही त्याचे नाव जोडलेले आहे.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग याने दक्षिण कोसल देशाच्या वर्णनात एक कथा नोंदवली आहे. नागार्जुनाकडे आयुष्य वाढवणारे रसायन होते आणि त्याचा आश्रयदाता सातवाहन राजाही त्यामुळे दीर्घायुषी झाला होता. राजा मरत नसल्याने राजपुत्राला सिंहासन मिळेना. अखेर मातेच्या सांगण्यावरून तो नागार्जुनाकडे गेला आणि त्याने दानात त्याचे शिरच मागितले. नागार्जुनाने ते दिले. पाठोपाठ राजाचाही अंत झाला. अकराव्या शतकात काश्मिरी कवी सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त हीच कथा वेगळ्या नावांनी सांगितली. तिथे राजाचे नाव चिरायू आहे आणि नागार्जुन त्याचा मंत्री आहे.

कथेतील रसायन फसत नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ते उत्तम काम करते आणि नेमकी तीच अडचण ठरते. एकाला मिळालेले अमरत्व म्हणजे पुढच्या पिढीची अडवलेली वाट, हा प्रश्न ही कथा तेराशे वर्षांपूर्वी विचारते. तिने दिलेले उत्तरही स्पष्ट आहे : ज्याच्याकडे मृत्यूवर उपाय आहे, तोच स्वतःहून मान पुढे करतो.

अल्-बिरुनीने ऐकलेल्या गोष्टी

रसविद्येच्या नागार्जुनाविषयीची महत्त्वाची ऐतिहासिक नोंद अल्-बिरुनीची आहे. ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारझम येथे जन्मलेल्या या विद्वानाने सुमारे १०३० मध्ये भारतावरील आपला अरबी ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या म्हणण्यानुसार नागार्जुन हा सोमनाथजवळील दैहक किल्ल्याचा रहिवासी होता आणि सुमारे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. रसायनविद्येचे सार सांगणारा त्याचा ग्रंथ दुर्मीळ असल्याचेही तो लिहितो. म्हणजे हा नागार्जुन साधारण दहाव्या शतकातला ठरतो.

अल्-बिरुनी स्वतः किमयेवर विश्वास ठेवणारा नव्हता. वनस्पतींपासून औषधे बनवून रोग्याला बरे करण्याचा या विद्येचा भाग त्याला समजण्यासारखा वाटतो. सोने बनवण्याच्या हव्यासाची मात्र तो कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतो. त्याची आणखी एक तक्रार आहे. हे लोक आपली विद्या झाकून ठेवतात, बाहेरच्यांशी बोलायला कचरतात, म्हणून त्यांची पद्धत नेमकी काय आहे हे आपल्याला कळू शकले नाही, असे तो नमूद करतो. त्याने पुढे दिलेल्या दंतकथा याच गुप्ततेभोवती फिरतात.

पहिली कथा उज्जैनच्या व्याडीची. विक्रमादित्याच्या काळी हा गृहस्थ रसायनाच्या नादात सर्वस्व गमावून बसला. निराश होऊन तो नदीकाठी बसला आणि औषधींच्या पोथीचे एकेक पान फाडून पाण्यात सोडू लागला. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एका गणिकेने ती पाने गोळा केली, त्याला गाठले आणि नव्याने प्रयोग करण्यासाठी आपले धन देऊ केले. चूक एका शब्दात होती. पाठातील ‘रक्तामल’ या शब्दाचा अर्थ व्याडीने तांबडा आवळा असा घेतला होता. तेथे अभिप्रेत होते तेल आणि मानवी रक्त. पुन्हा औषध शिजवताना ज्वाळेने त्याचे डोके भाजले, म्हणून त्याने डोक्यावर तेल ओतले. उठताना छतातील खुंटी लागून रक्त आले आणि तेलमिश्रित रक्ताचे थेंब कढईत पडले. औषध सिद्ध झाले, ते अंगाला लावताच व्याडी पत्नीसह आकाशात उडाला. ते पाहायला राजा बाहेर आला. व्याडीने वरून त्याला तोंड उघडायला सांगितले. राजाने किळसेने नकार दिला. थुंकी दाराजवळ पडली आणि उंबरठा सोन्याचा झाला.

दुसरी कथा धारची. अल्-बिरुनी लिहितो त्या वेळी तेथे भोजदेव राज्य करीत होता. पुढे अठराव्या शतकात मराठ्यांच्या पवार घराण्याने याच धारला आपली राजधानी केली, त्यामुळे मराठी वाचकाला हे गाव परके नाही. धारच्या राजवाड्याच्या दारात शुद्ध चांदीचा एक लांबट तुकडा पडलेला असून त्यात मनुष्याच्या अवयवांची आकृती दिसते, असे अल्-बिरुनी सांगतो. त्यामागील गोष्ट अशी. प्राचीन काळी एक मनुष्य राजाकडे आला आणि अमर, अजिंक्य करणारे रसायन आपल्याला ठाऊक असल्याचे त्याने सांगितले. राजाने एकांतात भेट दिली. मोठ्या कढईत तेल उकळत ठेवून त्या माणसाने औषधांच्या पुड्या राजाच्या हाती दिल्या, त्या कोणत्या क्रमाने टाकायच्या ते सांगितले आणि स्वतः कढईत उडी घेतली. राजा एकेक पुडी टाकत गेला. शेवटची पुडी हातात असताना त्याच्या मनात विचार आला : हा खरोखरच अमर आणि अजिंक्य होऊन बाहेर आला, तर आपल्या राज्याचे काय? पुडी हातातच राहिली. कढई थंड झाली, तेव्हा आत मनुष्याच्या आकाराची चांदी उरली होती.

दोन्ही कथांत विद्या अपुरी नाही. एकीत पाठ चुकीचा वाचला जातो, कारण अर्थ सांगणारा कोणी नाही. दुसरीत कृती पूर्ण होत नाही, कारण ती एकांतात, एकाच माणसाच्या भरवशावर चालली आहे. झाकून ठेवलेले ज्ञान तपासता येत नाही, ही अल्-बिरुनीची तक्रार लोककथेने आपल्या पद्धतीने आधीच नोंदवून ठेवली होती.

पाराच का?

या साऱ्या शोधाच्या केंद्रस्थानी पारा होता. सामान्य तापमानाला द्रव राहणारा हा एकमेव धातू. उणे ३९ अंश सेल्सिअसला तो गोठतो आणि ३५७ अंशांना उकळतो. तांबडा हिंगूळ तापवला की त्यातून चकचकीत पारा निघतो. तोच पारा गंधकाबरोबर खलला की काळी कज्जली होते आणि योग्य रीतीने आच दिली की पुन्हा तांबडे द्रव्य तयार होते. मध्ययुगीन निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर एक पदार्थ मरत होता आणि पुन्हा जिवंत होत होता. जो स्वतः मृत्यूतून परत येतो, तो माणसालाही परत आणील, हा निष्कर्ष त्या काळच्या दृष्टीने तर्कसंगतच होता.

रसशास्त्राने म्हणूनच पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले. ‘रसार्णव’ या ग्रंथाची भूमिका अशी की, सिद्ध केलेला पारा आधी धातूवर तपासावा आणि तेथे तो यशस्वी ठरला तरच देहावर वापरावा. सोने बनवणे हे अंतिम ध्येय नसून औषधाची परीक्षा होती. खरे ध्येय देह टिकवणे हे होते. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ‘रसेश्वर दर्शन’ या नावाने या विचाराला स्वतंत्र प्रकरण दिले.

भारतात पाऱ्याच्या नाव घेण्याजोग्या खाणी नाहीत. अमरत्वाचा हा कच्चा माल मुख्यतः बाहेरून येत असे. पोर्तुगीज लेखक दुआर्त बार्बोसा याने १५१६ च्या सुमारास चौल बंदराचे वर्णन करताना तांब्याबरोबरच पारा आणि हिंगूळ यांच्या व्यापाराचा उल्लेख केला आहे. तो माल तेथून देशावर आणि गुजरातेकडे जाई. अरबांच्या ताब्यातील स्पेनमध्ये पाऱ्याची जगप्रसिद्ध खाण होती आणि तिचे ‘अल्मादेन’ हे नावही ‘खाण’ या अर्थाच्या अरबी शब्दापासूनच आले आहे.

अरबी जगातही हाच धातू केंद्रस्थानी होता. आठव्या शतकातील जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात सर्व धातू पारा आणि गंधक यांच्या संयोगातून बनतात, असा सिद्धांत आढळतो. जाबिर या एकाच माणसाने ते सारे लिहिले का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नागार्जुनाप्रमाणेच तेही नाव एका परंपरेचे झाले असावे. वैद्य अल्-राझी याने द्रव्यांचे पद्धतशीर वर्गीकरण केले आणि उपकरणांची तपशीलवार वर्णने लिहून ठेवली. इब्न सीनाने मात्र एका धातूचे दुसऱ्या धातूत रूपांतर होऊ शकत नाही, असे स्पष्ट मत दिले.

न सापडलेल्या अमृताची मिळकत

अमृत सापडले नाही. पण शोधाने भट्टी, मूषा आणि पातनयंत्रे मागे ठेवली. ‘रसरत्नसमुच्चय’ या मध्ययुगीन ग्रंथात ‘रसक’ या खनिजापासून जस्त काढण्याची कृती दिली आहे. जस्त मिळवणे अवघड, कारण ते सुमारे ९०७ अंशांना उकळते आणि भट्टीतून वाफ होऊन निसटते. ही वाफ हवेपासून वाचवून खाली थंड करण्यासाठी या ग्रंथाने वांग्याच्या आकाराची ‘वृंताक मूषा’ सांगितली. राजस्थानातील झावर येथे पुरातत्त्वज्ञांना नेमक्या अशाच आकाराच्या मुशींचे ढीग आणि भट्ट्या सापडल्या. युरोपात विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याच्या कृतीचे पेटंट १७३८ मध्ये घेतले. झावरचे उत्पादन त्याच्या कित्येक शतके आधीचे आहे.

हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत लिहिलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात अशा ग्रंथांचा रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने अभ्यास झाला. गुरूच्या कानातून शिष्याच्या कानात जाणारी विद्या अशा रीतीने छापील पानावर, सर्वांच्या तपासणीसाठी खुली झाली.

मराठी परंपरेचे उत्तर

महाराष्ट्राच्या संतकथांनी किमयेला वेगळे उत्तर दिले. ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यातून परतताना सोन्याची वीट जवळ बाळगतात. गोरक्षनाथ ती फेकून देतात आणि गुरूला वाईट वाटते, तेव्हा गर्भगिरी डोंगरच सोन्याचा करून दाखवतात. महिपतींच्या ‘भक्तविजया’त परिसा भागवताचा परीस नामदेव चंद्रभागेत टाकून देतात आणि परत मागितल्यावर वाळवंटातील ओंजळभर खडे पुढे करतात, त्यांतला प्रत्येक खडा परीस निघतो.

सर्वांत मार्मिक कथा चांगदेवांची. योगबळाने मृत्यू चुकवत ते चौदाशे वर्षे जगले, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसल्यावर मायना काय घालावा, हे त्यांना कळेना. ज्ञानाने मोठा, पण वयाने लहान अशा मुलाला ‘तीर्थरूप’ म्हणावे की ‘चिरंजीव’? अखेर त्यांनी कोरा कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, हा मुक्ताबाईचा शेरा महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या जपला आहे. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. आयुष्याची लांबी आणि आयुष्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी मनाने त्या कोऱ्या कागदातून शिकून घेतले.

शेवटची पुडी कोणाच्या हाती?

हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. रससिंदूर, मकरध्वज यांसारखी पाऱ्याची औषधे आणि विविध धातूंची भस्मे आजही बनतात, आणि सुटीवरून परतणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या सामानातून ती परदेशी पोहोचतात. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांच्या तपासणीत हे प्रमाण २०.७ टक्के निघाले. त्यातही रसशास्त्रीय औषधांत ते ४०.६ टक्के होते.

रसवैद्यांचे म्हणणे असे की, शास्त्रोक्त शोधन आणि मारण झाल्यावर पाऱ्याचे स्वरूप बदलते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे अंशतः बरोबर आहे : पारा आणि गंधक यांचे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाऱ्याच्या अन्य संयुगांपेक्षा शरीरात कमी शोषले जाते. पण बाजारातील प्रत्येक पुडी तशीच बनलेली असते का, हे नुसते पाहून कळत नाही. शरीरात साठलेला पारा मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा करतो. गर्भवती आणि लहान मुले यांना धोका अधिक. भारतातील औषधविषयक नियमांच्या ‘ई (१)’ अनुसूचीत पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ यांची गणना विषारी द्रव्यांत केलेली आहे आणि अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. वेष्टनावर घटकद्रव्ये, निर्माता आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नये. असे औषध चालू असेल तर परदेशातील डॉक्टरांना ते संकोच न करता सांगावे; रक्त किंवा लघवीच्या चाचणीतून धातूंचे प्रमाण कळू शकते. आणि औषध सोबत नेण्यापूर्वी राहत्या देशाचे नियम पाहून घ्यावेत.

आधुनिक विज्ञानाने किमयागारांच्या स्वप्नाला एक गमतीदार दुजोरा दिला आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९ आणि पाऱ्याचा ८०. दोहोंत अंतर आहे ते एका प्रोटॉनचे. पण हे अंतर कोणत्याही भट्टीच्या आचेने कापता येत नाही. त्यासाठी अणूचे केंद्रकच बदलावे लागते. हे ज्ञान मिळाले ते प्रत्येक प्रयोग उघड मांडण्याच्या आणि दुसऱ्याला तपासू देण्याच्या शिस्तीतून.

व्याडीचा एक शब्द चुकला आणि धारच्या माणसाची शेवटची पुडी राजाच्या हातात राहिली. खोर फक्कानच्या धक्क्यावर आज उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरबरोबर आत काय आहे याची लेखी यादी असते. मध्ययुगातील किमयागाराने ज्या एका गोष्टीला नकार दिला, ती हीच. अमरत्वाच्या नावाने घरात येणाऱ्या पुडीकडे निदान तेवढी यादी मागणे, हा धारच्या त्या चांदीचा आजच्या वाचकासाठी उरलेला बोध आहे.